कोपरा फाटलेलं पत्र

या, अजून थोडं पुढं सरका. चपला बाहेरच राहू द्या, कुणी नेत नाही. या घराण्याच्या गोष्टी ऐकत तुम्ही आजवर बसलात, रामकिसनची वरात चुकून दुसऱ्याच गावाच्या वेशीवर जाऊन थांबली तेव्हा पोट धरून हसलात. आज मी एका पत्राची गोष्ट सांगणार आहे. ती गोड नाही. पण कीर्तनातसुद्धा बुवा मधेच टाळ थांबवायला सांगतात आणि हळू आवाजात बोलायला लागतात, तेव्हाच आपण जास्त कान देतो ना? तसा कान द्या. पांडुरंगानं शब्द दिले तर शेवटापर्यंत नीट पोचवीन.

साल पंचाहत्तर. चैत्र वद्य पंचमी, साळूबाईंची तिसरी पुण्यतिथी. दौलताबादला, किल्ल्याच्या पायथ्याशी अंजीरवाल्यांच्या अंगणात सकाळपासून मांडवाची घाई चालली होती. बाराला श्राद्ध, चारला पुंजारामबुवांचं कीर्तन आणि मग गावजेवण.

साळूबाईंचा थोरला रामकिसन मांडवाच्या खांबाला दोरी आवळत होता. औरंगाबादची बस थांबली, दोन माणसं उतरली. एक गुलमंडीवरचा कापडवाला मजीद, हातात दुसऱ्याची बॅग घेतलेला. दुसऱ्याचे केस पिकले होते, चष्मा लागला होता. पण डावा पाय जरा बाहेर टाकत चालायची ढब रामकिसननं फर्लांगभरावरून ओळखली. छावणीच्या मैदानावर हॉकीचा चेंडू लागून तो पाय मोडला होता, तेव्हा ह्याच रामकिसननं त्याला पाठुंगळीला घेऊन दवाखाना गाठला होता.

"आलास?" त्यानं विचारलं. दोरी सोडली नाही.

"आलो, दादा." धाकटा भाऊ बन्सी पाया पडायला वाकला.

रामकिसननं पाय मागं घेतला. "राहू दे. लांबून आलास. हातपाय धू, मांडवात बस. कीर्तन ऐक, जेव अन् जा. समद्या गावाला आवतण हाय, तसं तुलाबी हाय."

"अन् श्राद्धाला?"

"श्राद्धाला मी हाय."

मजीदनं बॅग खाली ठेवली. "रामभाई, आदमी लंडनहून आलाय. तीन विमानं बदलून. अन् तुम्ही त्याला गावजेवणाच्या पंगतीत बसवता? मग मला तर तुम्ही रस्त्यावरच वाढाल."

एरवी ह्यावर रामकिसन हसला असता. मजीदला ह्या घरात बोलायची मुभा होती. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत मुसलमानांच्या घरांवर जमाव चालून येत होते, तेव्हा, मजीद आठ-नऊ वर्षांचा असताना, साळूबाईंनी त्याला आणि त्याच्या आईला बावीस दिवस कडब्याच्या खोलीत लपवलं होतं. तेव्हापासून मजीद तिला अम्मा म्हणायचा आणि घरच्यांना मनात येईल ते बोलायचा.

"तू मधी पडू नको," रामकिसन म्हणाला. "ह्याचं पुस्तक तूच आणलंस ना इथं? आमच्या मास्तरानं वाचून सांगितलं मला. इंग्रजी येत नसलं म्हणून काय झालं, कान हायेत मला. ह्यानं लिवलंय, दहा फेब्रुवारीला मला कळलं की माय गेली. दहा फेब्रुवारीला! अरे, तवा माघ चालू होता. माय माझ्या हाताची पेज पीत होती. माय गेली चैत्रात. अन् ह्यानं तिला पावणेदोन महिने आधीच मारली, छापून, साऱ्या जगाला वाटली."

बन्सीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "चैत्रात?" तो म्हणाला. "माय चैत्रात गेली?"

"मग आज तिथी कुणाची हाय? तुझ्या विलायतेच्या राणीची?"

"मला वाटलं..." बन्सीनं मजीदकडं पाहिलं. "मज्यानं पत्रात लिहिलं, पंचमीला पुण्यतिथी आहे, ये. मला वाटलं, सुगी आटपल्यावर सोय बघून घरच्यांनी कीर्तन ठेवलं असेल. महिने तर मी विसरलोय, दादा. तिथं पंचांग कुठं..."

"महिने विसरला. माणसंबी विसरला." रामकिसननं दोरीला शेवटचा हिसडा दिला आणि तो घरात निघून गेला.

बाहेर चिंचेखाली दगडी ओटा होता. बन्सी तिथं बसला. मजीद शेजारी बसला आणि टोपीनं वारा घ्यायला लागला.

"तुला ठाऊक होतं," बन्सी म्हणाला.

"हौ. तुझ्या किताबीत ती तारीख वाचली अन् मी तीन रोज दुकान उघडलं नाही. यार, होळीच्या दुसऱ्या दिवशी मी अम्माला भेटायला आलो होतो. तिनं मला म्हटलं, मज्या, तुझ्या दोस्ताला बोलाव. रामभाईचं पत्र गेलंय, येईलच, असं म्हणून मी वेगळं लिहिलं नाही. दहा फेब्रुवारीनंतरची गोष्ट आहे ही."

"मग पत्रात का नाही लिहिलंस?"

"कागदावर लिहायची चीज आहे का ती? अगोदरच एका कागदानं एवढं केलं." मजीदनं टोपी गुडघ्यावर ठेवली. "बन्सी, तू तर न पाहिलेला गोलसुद्धा लिहायचा नाहीस. आठवतं, परभणीच्या सामन्यात?"

बन्सीला आठवत होतं. मॅट्रिक होऊन तो औरंगाबादच्या एका मराठी दैनिकात लागला, तेव्हा खेळाचं पान म्हणजे चौथ्या पानाचा अर्धा कॉलम होता. कुस्त्या, हॉकी, शाळांचे खो-खो, सगळं तोच लिही. परभणीला हॉकीचा अंतिम सामना होता. गर्दी आत शिरली, त्याच्यापुढं एक पैलवान उभा राहिला आणि निर्णायक गोल झाला तो त्या पैलवानाच्या पाठीआड. बन्सीनं बातमीत लिहिलं, हा गोल मी पाहिलेला नाही. संपादकांनी डोक्याला हात लावला. पण त्याच एका ओळीमुळं हैदराबादच्या इंग्रजी पेपरवाल्यानं त्याला बोलावून घेतलं. तिथून मुंबई, तिथून सहासष्ट साली इंग्लंड. बर्मिंगहॅममध्ये भाड्याच्या खोलीत राहून त्यानं भारतातल्या तीन आणि आफ्रिकेतल्या एका पेपरला बातम्या पाठवल्या. पावसात, धुक्यात, ओल्या बाकांवर गुडघ्यावर वही ठेवून. नियम एकच, डोळ्यांनी बघितल्याशिवाय निकाल लिहायचा नाही.

आणि ज्या पुस्तकानं तो बातमीदाराचा लेखक झाला, 'अंपायर नसलेली मैदानं', त्यातलं आईच्या जाण्यावरचं, सगळ्यात नावाजलेलं प्रकरण न पाहिलेल्या, न वाचलेल्या निकालावर उभं होतं.

"मी दादाचं पत्र उघडलंच नव्हतं, मज्या," तो म्हणाला.

तिकडं स्वयंपाकघरात रामकिसनची बायको आवडाबाई खिरीत डाव फिरवत होती. खिडकी चिंचेकडं होती. उघडलंच नव्हतं, हे शब्द तिच्या कानावर आले आणि डाव पातेल्यात तसाच राहिला. खीर खाली लागायला लागली. चुलीशी बसलेली शेजारीण म्हणाली, "आवडे, करपलं गं! ध्यान कुठं हाय?"

आवडाबाईचं ध्यान तीन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी होतं. रामकिसननं हवाई पत्र लिहून तयार केलं होतं, माय लई आजारी आहे, तुला विचारते, असशील तसा निघ. पत्र कोनाड्यात ठेवून तो बैलांना पाणी पाजायला गेला होता. सासूबाई बाजेवरून उठल्या होत्या. आठवडाभर न उठलेली बाई भिंतीला धरून कोनाड्यापाशी गेली होती. तिथं त्यांनी जे केलं ते आवडाबाईनं दारातून पाहिलं होतं, आणि सासूनं ओठांवर बोट ठेवलं म्हणून ती गप्प राहिली होती. तेव्हापासून गप्पच होती. नवरा देवभोळा. त्याला कळलं असतं तर म्हणाला असता, तू तिथं उभी असून मायला असं अभद्र करू कसं दिलं? तेच मायच्या आयुष्याला लागलं, असं तो जन्मभर मानत बसला असता.

तिनं पातेलं उतरवलं, हात पदराला पुसले आणि ती अंगणात आली. तोवर रामकिसनही पुन्हा बाहेर आला होता. हातात दर्भ आणि काळ्या तिळाची वाटी होती. बन्सी त्याच्यासमोर उभा होता.

"दादा, मला एकदा सांगू दे. मग हाकलून दे."

"काय सांगायचं राहिलंय? समदं छापलंस की."

"नाही छापलं. सगळं नाही छापलं." बन्सीनं चष्मा काढला. "मी आठ दिवस दौऱ्यावर होतो. परत आलो तर टेबलावर तुझं पत्र. तुझं अक्षर. आणि खालचा कोपरा फाडलेला."

मांडवात टाळ पुसत बसलेले दोन टाळकरी हात थांबवून बघायला लागले. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे काय, ते त्या अंगणात कुणाला सांगायला नको होतं. घरात कुणी गेलं की कार्डाचा कोपरा फाडून टाकायचा. वाचणाऱ्याला वाचायच्या आधीच कळतं. तसलं पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. दारातच वाचतात, फाडतात आणि आंघोळ करतात.

"कोपरा?" रामकिसन म्हणाला. "म्या कशाला कोपरा फाडीन? माय जिती होती!"

"मग कुणी फाडला? मी तो कागद हातात धरला अन् मला कळलं. तिची तब्येत बरी नाही हे तू आधीच्या पत्रात लिहिलं होतंस. मी उघडू शकलो नाही, दादा. वाटलं, आत लिहिलेलं असणार, किती वाजता गेली, पाणी कुणी घातलं, माझं नाव घेतलं का. ते वाचलं की ती पुरी गेली. दोन दिवस पत्र कोटाच्या खिशात. मग तिथल्या नदीवर गेलो, बर्फासारख्या पाण्यात उतरलो, तिच्या नावानं ओंजळभर पाणी सोडलं अन् पत्रही सोडून दिलं. न उघडता. डोकं भादरून ऑफिसात गेलो. गोरे हसले. मी कुणाला काही बोललो नाही."

"मला एक ओळ लिवायची व्हती!" रामकिसनचा आवाज चिरकला. "एक ओळ! माय गेल्याचं कळलं, एवढीच. म्या लगेच तार केली असती, अरे येड्या, जिती हाय, ये!"

"लिहायला बसायचो. दादा, काय लिहू, मी आलो नाही म्हणून? लिहिता लिहिता कागद वाढत गेले. तुला पाठवायचं पत्र होतं ते. त्याचंच पुढं पुस्तक झालं."

"वा!" रामकिसन म्हणाला. "भावाला एक कार्ड नाय, अन् परक्यांना अख्खं पुस्तक. अन् कोपऱ्याची गोष्ट आता रचलीस व्हय? कोण फाडंल कोपरा? पोस्टमन? तू लेखक झालास, बाबा. लेखकाला काय, कुठंबी कोपरा सापडतो."

"मायनं फाडला."

सगळे वळले. आवडाबाई दारात उभी होती. खिरीचा शिंतोडा मनगटावर वाळला होता.

"काय म्हणलीस?"

"अवो, सासूबाईंनीच फाडला. ह्या डोळ्यांनी पाहिलं म्या. तुम्ही बैलांकडं गेला व्हता. त्यांनी कोनाड्यातून पत्र घेतलं अन् दातानं धरून कोपरा फाडला. हाताला जोर नव्हता ना. म्या पुढं झाले तर बोट ठेवलं ओठावर. म्हणल्या, आवडे, साधी पत्रं पोरगं खिशात ठेवून देतं, येळ झाला की वाचतं. कोपरा फाटलेलं कुणी बाजूला ठेवतं का? पोस्टमनबी धावत नेतो. त्यो दारातच उघडंल. उघडलं की आत लिवलंच हाय, माय वाट बघती. धावत येतो का नाय बघ."

मांडवाचं कापड वाऱ्यानं फडफडलं तेवढाच आवाज.

"म्या म्हणलं, असं अभद्र करू नये. तर हसल्या. म्हणल्या, माझ्या मरणाला माझं मीच फसवलं तर कुणाचं काय गेलं? अन् तुम्ही यायच्या आत पत्र मलाच पेटीत टाकायला लावलं."

रामकिसन मटकन खाली बसला. वाटी कलंडली, तीळ मातीत सांडले. मघापासून त्याच्या मनात एकच विचार होता: भाऊ खोटं बोलतोय आणि आपण खरे आहोत. तीन वर्षं त्या खरेपणाला टेकून तो उभा होता. आता टेकायला काही उरलं नव्हतं.

"तीन वरसं," तो बायकोला म्हणाला. "तीन वरसं बोलली नायस."

"कुणाला बोलू? तुम्हाला? तुम्ही भाऊजींचं नाव काढू दिलं नाय घरात. अन् भाऊजींनी पत्र उघडलंच नाय, हे मला तरी कुठं ठावं व्हतं? मला वाटलं, वाचलं अन् आले नायत. वाचूनबी आले नायत, असं मीबी धरून बसले व्हते." ती बन्सीकडं वळली. "भाऊजी, तुमच्या नावानं म्याबी बोटं मोडली हायेत. माफ करा."

बन्सी ओंजळ उघडून त्या रिकाम्या ओंजळीकडंच बघत होता, जणू पाणी अजून तिथंच होतं. त्या दिवशी बर्फाच्या पाण्यात उभं राहून तो आईला निरोप देत होता आणि आई इथं पेज पिऊन पोस्टमनची वाट बघत बसली होती. दोघंही एकमेकांचाच विचार करत होते. मधे एक नखाएवढा कागदाचा तुकडा नव्हता, एवढंच.

मजीदनं डोळे पुसले आणि तो खाकरला. "अम्मानं सगळ्यांना फसवलं. कडब्यात आम्हाला लपवलं तेव्हा पण असंच. दारात आलेल्यांना म्हणाली, आत बघायचं तर बघा, म्हैस व्यायलीय, मारकी आहे. म्हैस नव्हतीच घरात. तेव्हा तिची अक्कल चालली. ह्या वेळी..."

एवढ्यात पुंजारामबुवा आले. त्यांनी मांडवाकडं पाहिलं, सांडलेल्या तिळांकडं पाहिलं, आणि वीणा खांबाला टेकवून ते गुमान कडेला बसले. शहाणा माणूस. कीर्तनात चार तास बोलणाऱ्याला कुठं बोलायचं नाही ते कळतं.

रामकिसन मातीतले तीळ वेचायला लागला. बन्सी खाली वाकला आणि तोही वेचायला लागला. दोघांची डोकी जवळ आली तेव्हा रामकिसन हळूच म्हणाला, "माझंबी एक ऐक. माय गेल्यावर मजीद म्हणला, तार करू. मीच म्हणलो, नको. जिच्या जित्या हाकंला आला नाय, त्याला मेल्याची तार कशाला? केली असती तर तुला तवाच उलगडलं असतं."

"उलगडून काय झालं असतं, दादा? ती तर गेलीच होती."

"एवढी वरसं आपण दोघं एका जागी रडलो असतो. ते झालं असतं."

बन्सीनं वेचलेले तीळ वाटीत टाकले. "पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार आहे. ते प्रकरण मी काढून टाकतो."

"काढू नको." रामकिसननं विचार केला. "मास्तर वाचून दाखवीत व्हता तवा मला राग आला व्हता, पण डोळ्याला पाणीबी आलं व्हतं. मायचं त्यात जे लिवलंस ते खरं हाय. तारीख तेवढी नीट कर. अन् कोपरा कुणी फाडला ते लिव. लोकांना कळू दे, ती कशी बाई व्हती."

मग तो उठला, आणि बन्सीच्या दंडाला धरून त्याला आत घेऊन गेला. श्राद्धाला दोन पाट मांडले गेले. बन्सीला मंत्रांच्या मधे कुठं पाणी सोडायचं ते आठवत नव्हतं. रामकिसन त्याचा हात धरून सोडायला लावत होता.

चारला कीर्तन उभं राहिलं. बुवांनी त्या दिवशी कुठलं मोठं आख्यान लावलं नाही. आई आणि लेकरू एवढंच धरलं, आणि मृदंगवाल्याला दोनदा हात हलका ठेवायला सांगितलं. बायका पदरात तोंड लपवून ऐकत होत्या. मी त्या मांडवात होतो म्हणून सांगतो, अशी शांतता मी नंतर कुठल्याच सप्ताहात ऐकली नाही.

आरतीआधी बन्सी वहिनीपाशी आला. "वहिनी, शेवटी ती काही बोलली? माझ्याबद्दल? वाईट असलं तरी सांगा."

आवडाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तिला ठाऊक होतं आणि त्यालाही. ते शब्द साळूबाई तिच्यादेखत रामकिसनपाशी बोलल्या होत्या, आणि त्यानं ते कुणाला सांगितले नव्हते. कारण ते सांगितले असते तर रागवायला जागा उरली नसती.

रामकिसननं हातातले टाळ खाली ठेवले.

"शुद्धीवर व्हती," तो म्हणाला. "सकाळचं ऊन दारात आलं व्हतं. पोस्टमन यायची येळ. म्या म्हणलं, माय, त्यो नाय येत, आता वाट बघू नको. तर माझ्यावरच चिडली. म्हणली, त्याचा खेळ चालू असंल. खेळ सुटल्याबिगर त्याला उठता येत नाय, त्यानंच सांगितलंय मला. त्याला बोलू नको, रामा. आला की आधी जेवायला घाल." त्यानं मांडवाकडं बोट केलं. "अन् म्या आज सकाळी तुला मांडवात बसवलं."

बन्सीनं आयुष्यभर मैदानावरची शेवटची मिनिटं लिहिली होती. हरलेल्यांची, जिंकलेल्यांची, बरोबरीत सुटलेल्यांची. त्या संध्याकाळी त्याला एक शब्द सुचला नाही. तो भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला. आवडाबाई आत गेली आणि तिनं पहिलं ताट त्याचं वाढलं.

बसा, उठू नका लगेच. एवढंच मागणं आहे. तुम्ही कुठंही कीर्तनाला जाल, शेवटी बुवा गेलेल्यांची नावं घेतात. तिथं हे नाव कुणी घेणार नाही, तिला ओळखणारे आता फार उरले नाहीत. तुम्ही मनातल्या मनात घ्या. साळूबाई, दौलताबादच्या अंजीरवाल्यांच्या. लेकरू लवकर यावं म्हणून जिनं स्वतःच्या जिवंतपणी स्वतःच्या मरणाचं पत्र धाडलं, त्या माउलीची आठवण ठेवा.